विस्मरणाच्या हवाली

जुने घर रिकामे करायचे ठरले, की सगळ्यांत शेवटी पोटमाळ्याची पाळी येते. खोल्या, कपाटे, भिंतीवरच्या तसबिरी यांचा निकाल आठवडाभरात लागतो, कारण तिथले सामान कुणाच्या ना कुणाच्या ओळखीचे असते. पोटमाळ्यावरच्या सामानाला मात्र साक्षीदार उरलेला नसतो. आमच्याकडेही तसेच झाले. शिडी आधीच कुणीतरी देऊन टाकली होती, म्हणून मागच्या खोलीतली एक पाय आखूड असलेली खुर्ची ओढून आणली, त्या पायाखाली नेहमीप्रमाणे कागदाची घडी सारली, वर चढलो आणि दोन रिकाम्या ट्रंकांच्या मागे हात घातला, तेव्हा बोटांना एका पत्र्याच्या पेटीची कडी लागली.

पेटीला कुलूप नव्हते, ही गोष्ट नंतर बराच वेळ माझ्या मनात घोळत राहिली. मौल्यवान वस्तू कुलपात सुरक्षित राहते असा आपला समज असतो. पण या घरात जे जे कुलपात होते, ते यथावकाश वाटले गेले, मोडले गेले किंवा अडीअडचणीला विकले गेले, कारण ते कुठे आहे हे सर्वांनाच ठाऊक होते. ही पेटी वाचली ती केवळ तिची आठवण कुणाला राहिली नाही म्हणून. सापडल्यावर मात्र तासाभरात तिला चार वारस झाले.

आत जुन्या लोकरी कापडात गुंडाळलेली चांदीची एक डबी होती, खिशात ठेवण्याचे एक घड्याळ होते, दोऱ्याने बांधलेला पत्रांचा गठ्ठा होता आणि तळाशी, पेटीत अंथरलेल्या वर्तमानपत्रावर, जाड पुठ्ठ्याला चिकटवलेले एक छायाचित्र होते. शिवाय एक किल्ली होती. किल्लीबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. अशा पेटीत एक किल्ली असतेच आणि तिचे कुलूप कधीही सापडत नाही.

डबी इतकी काळी पडली होती, की ती चांदीची आहे हे वजनावरूनच ओळखावे लागले. भाच्याने ती हातात घेतल्याबरोबर सदऱ्याच्या टोकाने घासायला सुरुवात केली आणि मला त्याला थांबवावे लागले. चांदी काळवंडते ती हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे. पृष्ठभागावरच्या चांदीचेच सल्फाइड होते. म्हणजे तो काळा थर बाहेरून येऊन बसलेली धूळ नव्हे, तर रूप पालटलेली चांदीच असते, आणि घासणीने आपण तो काढतो तेव्हा डबीचाच एक अतिसूक्ष्म पापुद्रा काढत असतो. रोज वापरल्या आणि रोज उजळल्या जाणाऱ्या भांड्यावरचे कोरीव नाव काही पिढ्यांनंतर बोटालाही लागेनासे होते, ते याच पापुद्र्यांच्या हिशेबाने. आमच्या डबीच्या झाकणावरच्या फुलाची प्रत्येक पाकळी अजून नखाला धारदार लागत होती. गंमत अशी, की लोकरीतही गंधक असते. ज्या कुणी एवढ्या मायेने ती डबी उबदार कापडात गुंडाळली, त्या मायेनेच ती अधिक काळी झाली असणार. पण तो काळेपणा पत्करूनच फुलाच्या पाकळ्या शाबूत राहिल्या.

घड्याळाच्या बाबतीत मोह आवरणे अधिक कठीण गेले. थांबलेले घड्याळ हाती आले, की अंगठा आपोआप किल्ली देण्याच्या चाकाकडे वळतो, आणि टिकटिक सुरू झाली तर गेलेले माणूस खोलीत आल्यासारखे वाटेल अशी एक बाळबोध आशा त्यामागे असते. मी ते तसेच रुमालात बांधून एका वृद्ध घड्याळजींकडे नेले. त्यांनी ते कानाला लावले नाही, उघडलेही नाही. ‘इतकी वर्षं थांबलंय ना, मग अजून थोडं थांबू द्या,’ एवढेच ते म्हणाले. यंत्रात घातलेले तेल काळाच्या ओघात सुकते आणि चिकट होते. तशा कोरड्या यंत्राला किल्ली दिली, तर केसाएवढ्या बारीक आसांची टोके आणि त्यांची छिद्रे एकमेकांवर घासून झिजू लागतात. अशा जुन्या घड्याळांपैकी बहुतेक ताशी 18,000 ठोके देतात, म्हणजे सेकंदाला पाच. एका दिवसाच्या हौसेत चार लाखांहून अधिक वेळा ते घासले जाणार, हा हिशेब त्यांनी हातातला चष्मा पुसत मला समजावून सांगितला.

मग त्यांनी भिंग लावून तबकडीवरचे आकडे पाहिले आणि घड्याळ जरा लांब ठेवले. आकड्यांवर तपकिरी पडलेला, किंचित उठावदार रंग होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, आणि 1960च्या दशकापर्यंतही, अंधारात वेळ दिसावी म्हणून अशा रंगात रेडियम मिसळत असत. त्याच्या किरणांनी रंगातले झिंक सल्फाइड चमकते. पण ते किरण सोसून सोसून झिंक सल्फाइड काही वर्षांतच निकामी होते आणि चमक विझते. रेडियमला मात्र निम्मे व्हायलाच 1,600 वर्षे लागतात. म्हणून काच काढायची नाही, रंग खरवडायचा नाही आणि घड्याळ उशाशी घेऊन झोपायचे नाही, अशी तंबी मिळाली. काटे थांबले, उजेड गेला, तेल सुकले, आणि तरीही त्या घड्याळात काळ मोजणारे काहीतरी अखंड चालू आहे, हे ऐकल्यावर मी ते जरा आदराने रुमालात परत बांधले.

पत्रांनी मला सगळ्यांत जास्त वेळ अडकवले. पहिले आश्चर्य असे, की तळाशी अंथरलेले वर्तमानपत्र गडद पिवळे होऊन हात लावताच कडेने तुटत होते आणि त्याच्याहून कितीतरी जुन्या पत्रांचा कागद त्यामानाने पांढरा व मऊ होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कागद मुख्यतः चिंध्यांपासून होत असे. 1844मध्ये केलर या जर्मन माणसाने लाकूड दळून लगदा करण्याच्या यंत्राची कल्पना मांडली आणि पुढे कागद स्वस्त झाला. पण लाकडातले लिग्निन त्या कागदात राहिले, ते हवेने आणि उजेडाने पिवळे पडते, आणि कागदातले आम्ल त्याचे धागे तोडत राहते. वर्तमानपत्राला दुसऱ्या दिवसापलीकडे जगायचे नसते, तेव्हा त्याच्यासाठी हाच कागद वापरला गेला. पत्रांच्या वाट्याला सुदैवाने बरा कागद आला होता. शाई तेवढी काळ्याची तपकिरी झाली होती, आणि जिथे लिहिणाऱ्याने टाक जोरात दाबला होता तिथे अक्षराच्या आकाराची बारीक भोके पडली होती; लोहयुक्त शाई कागद खाते, तिचा हा परिणाम. त्यामुळे रागाची वाक्ये आधी नाहीशी होत आहेत आणि शांतपणे लिहिलेली टिकून आहेत, असा एक अनपेक्षित न्याय त्या गठ्ठ्यात चाललेला दिसला.

मजकूर मात्र साधाच. भिंत पुन्हा ओलावली, खोकला बरा आहे, मागच्या पत्राचे उत्तर आले नाही. सगळी पत्रे आलेली. गेलेली पत्रे दुसऱ्या कुणाच्या तरी पोटमाळ्यावर असणार, किंवा नसणार, त्यामुळे संभाषणाचा अर्धाच भाग आपल्या हाती लागतो आणि उरलेला आपण आपल्या सोयीने भरून काढतो. एका पत्राच्या शेवटी ‘वाचून होताच हे फाडून टाकावे’ असे लिहिले होते आणि ते गठ्ठ्यातल्या कुठल्याही पत्रापेक्षा जास्त निगुतीने, दुहेरी पाकिटात घालून ठेवलेले होते. ते मी वाचले. वाचायला नको होते, असे आता वाटते. आणि त्यात फाडण्याजोगे काही नव्हते, हे अधिक वाईट वाटते. दुमडीवर फाटलेल्या एका पत्राला चिकटपट्टी लावू या, असे बहिणीने सुचवले, तेव्हा मी जुन्या वह्यांवरचे तिचे पिवळे, चिकट डाग तिला दाखवले. घासू नको, फिरवू नको, चिकटवू नको, एवढेच मी दोन दिवस सर्वांना सांगत होतो आणि माझा स्वभाव घरात कुणालाच आवडेनासा झाला होता.

छायाचित्र घेऊन मी आत्याकडे गेलो, कारण त्या पिढीतली आता तीच उरली आहे. छायाचित्रात आठ-नऊ वर्षांची एक मुलगी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. गडद भागांवर, कडेकडेने, चित्रातली चांदी वर येऊन आरशासारखा निळसर तवंग धरला होता, म्हणून ते तिरके धरून पाहावे लागे. मागे नाव नाही, साल नाही. नाव लिहावे असे तेव्हा कुणाला वाटले नसणार. घरातले सर्वजण तिला ओळखत होते.

आत्याने ते खिडकीशी नेऊन बराच वेळ न्याहाळले. ‘ही कोण, ते नाही रे सांगता येत मला,’ ती म्हणाली. ‘खुर्ची मात्र आपलीच. हे बघ.’ तिने नखाने दाखवले तिथे, खुर्चीच्या मागच्या एका पायाखाली, कागदाच्या घडीचा पांढरा ठिपका होता.

‘आहे ना रे अजून ती?’ तिने विचारले.

खुर्ची मी सकाळीच देऊन टाकायच्या सामानात, फाटकाबाहेर ठेवली होती. गाडी चार वाजता येणार होती आणि आत्याच्या भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन होऊन गेले होते.