हो रंग खंयसून इलो गो?

“अजून नाही, शा,” पॉ-पॉ म्हणाले, आणि उलथन्याकडे गेलेला हात मी मागे घेतला.

बिडाच्या जाड हंड्यात डुकराच्या खांद्याचे तुकडे बुडाला चिकटून बसले होते. कडा तपकिरी झाल्या होत्या आणि करपल्याचा वास आता सुटणारच, असं मला वाटत होतं. माझ्या ओट्यावर असते तर पाण्याचा हबका मारून मोकळी झाले असते. पॉ-पॉ मात्र हंड्याकडे बघतसुद्धा नव्हते, नुसते ऐकत होते. चरचर जराशी बदलली, कोरडी झाली, तेव्हा म्हणाले, “आता.”

इथे आजोबांना पॉ-पॉ म्हणतात. शेजारच्या घरातल्या या गृहस्थांना गल्लीतली सगळी मुलं तेच म्हणतात, म्हणून मीही म्हणते. आणि ‘शा’ म्हणजे फ्रेंचमधलं ‘शेर’, लाडकं माणूस. आमच्या वेंगुर्ल्याकडे म्हातारी माणसं ‘बाय’ म्हणतात ना, अगदी तसं.

अमेरिकेच्या लुईझियाना राज्यातल्या लाफिएट गावात येऊन मला सहा वर्षं झाली. न्यू ऑर्लिन्सपासून पश्चिमेला सुमारे २१५ किलोमीटरवर हा केजन लोकांचा, म्हणजे इथल्या जुन्या फ्रेंच वंशाच्या लोकांचा, मुलूख आहे. मागच्या शनिवारी पॉ-पॉंनी पहिल्यांदा मला शेजारी उभं करून जंबलाया शिकवला. हंड्याचा फोटो आईला पाठवला, तसा तिचा लगेच फोन आला. “टोमॅटो नाय, हळद नाय, मसालो नाय, मगे हो रंग खंयसून इलो गो?” मला तिला फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

जंबलाया म्हणजे एकाच भांड्यात मांस, धुरावलेलं सॉसेज, कोळंबी आणि भरपूर कांदा, आणि या सगळ्याच्या रसात शिजलेला भात. न्यू ऑर्लिन्समध्ये त्यात टोमॅटो घालतात, तो क्रिओल पद्धतीचा लाल जंबलाया. इकडे केजन खेड्यापाड्यांत टोमॅटो घालत नाहीत. इथला जंबलाया तपकिरी, जुन्या सागवानी पाटासारखा. गोन्झालेस नावाच्या गावात १९६०च्या दशकापासून जंबलायाचा उत्सव भरतो. तिथे लाकडाच्या जाळावर बिडाचे हंडे चढवून स्पर्धा लागते आणि तो हंडाही तपकिरीच असतो. मी दोन्ही खाल्ले आहेत. लाल चांगला लागतो, पण त्यात टोमॅटोची आंबट चव पुढे येते आणि मांस मागे राहतं. मला तपकिरीच आवडतो.

तर आई, रंगाचं पहिलं उत्तर त्या “अजून नाही”मध्ये आहे. मांस बुडाला चिकटू द्यायचं. ते चिकटून गडद झालं की पळीभर पाणी घालून बूड खरवडायचं, तुकडे परतायचे, पाणी आटू द्यायचं आणि पुन्हा चिकटू द्यायचं. असं आम्ही चार वेळा केलं. पहिल्या खेपेला पाणी चहाच्या रंगाचं झालं, चौथ्या खेपेला काकवीच्या. मांसात ओल असेतोवर ते १०० अंशांच्या वर जात नाही आणि उकडल्यासारखं पांढरट राहतं. ओल उडाली, पृष्ठभाग १४० अंशांच्या आसपास पोचला, की मग हा रंग आणि हा वास तयार व्हायला लागतो. म्हणून घाई चालत नाही आणि हंडा गच्च भरूनही चालत नाही. आठशे ग्रॅम मांसाला आम्हाला पाऊण तास लागला.

मग सॉसेज. त्याचं नाव अँडूई. डुकराचं मांस जाडसर कापून, लसूण-मिरी लावून आतड्यात भरतात आणि पेकन नावाच्या झाडाच्या लाकडावर तासन् तास धुरावतात. यासाठी मिसिसिपीकाठचं लाप्लास गाव प्रसिद्ध आहे. नाव फ्रेंच असलं तरी त्या काठावर १७२०च्या दशकात जर्मन शेतकरी येऊन वसले आणि सॉसेज धुरावण्याचा हात त्यांचा, असं इथे सगळे मानतात. पहिल्यांदा अँडूईचा वास घेतला तेव्हा मला म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आठवला, चोरिसाच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या, लाल माळा टांगलेला. चवीला मात्र दोघांचं जमत नाही. चोरिसात व्हिनेगरची आंबट धार असते, अँडूईत नुसता धूर.

सॉसेजच्या चकत्या परतून बाजूला काढल्या आणि कांदा पडला. पाच मोठे कांदे, बारीक चिरलेले. कांद्याला पाणी सुटतं आणि बुडाची उरलेली खरवड त्यात विरघळते. हा कांदाही पारदर्शक होईतो नाही, पार तांबूस-काळपट होईतो परतायचा. आई, मटणाच्या वाटपासाठी तू कांदा-खोबरं भाजतेस, आणि मी लहानपणी “करपलं, करपलं” म्हणून ओरडायचे तेव्हा “गप रव” म्हणायचीस, तीच वेळ ही. तुझ्या रश्शाचा रंग जिथून येतो, तिथूनच हाही आला.

नंतर एक भोपळी मिरची आणि सेलरीचे दोन दांडे. कांदा, भोपळी मिरची आणि सेलरी या तिघांना इथे ‘होली ट्रिनिटी’ म्हणतात, आपण त्रिमूर्ती म्हणू. शेवटी सहा-सात पाकळ्या लसूण, मिरी आणि चमचाभर केयेन मिरचीची पूड. मसाल्याची यादी इथे संपते.

कोळंबी मी आणली होती. लाफिएटच्या दक्षिणेला अर्ध्या-पाऊण तासावर एक बंदर आहे. लिहितात डेलकॅम्बर, म्हणतात डेल्कम. तिथून बायूने, म्हणजे संथ वाहणाऱ्या खाडीवजा ओढ्याने, होड्या मेक्सिकोच्या आखातात जातात. परत आल्या की धक्क्यावरच विक्री करतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तपकिरी कोळंबी मिळते, ऑगस्टपासून पांढरी. आमच्याकडे सुंगटां वाट्यावर विकतात, इथे आकड्यावर. २१/२५ म्हटलं की एका पौंडात, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅममध्ये, एकवीस ते पंचवीस कोळंब्या. आकडा लहान तितकी कोळंबी मोठी.

त्या धक्क्यावर मला दर वेळी जरा अवघडल्यासारखं होतं. अमेरिकेत खपणारी बहुतेक कोळंबी बाहेरून येते, आणि ती पुरवणाऱ्या देशांत भारत अगदी पुढच्या रांगेत आहे. तळ्यांत वाढवलेल्या त्या स्वस्त कोळंबीमुळे इथल्या होडीवाल्यांना डिझेलचा खर्च सुटेल असा भाव मिळत नाही. हॉटेलांनी परदेशी कोळंबी वाढत असल्यास तसं सांगावं, असा कायदाही या राज्यात आहे. आंध्रातल्या तळ्यावर राबणाऱ्या माणसाचंही पोट त्याच कोळंबीवर आहे, हे मला कळतं. पण मी मच्छीमारांच्या गावातली. जाळं रिकामं आलं की घरात काय होतं, ते मी पाहिलं आहे. म्हणून दोन डॉलर जास्त पडले तरी मी धक्क्यावरूनच घेते, आणि डोक्यासकट घेते.

डोकी हवीतच. डोकी आणि कवचं थोड्या तेलात परतून, पाणी घालून वीस मिनिटं उकळली की जे नारिंगी पाणी निघतं, त्यात भात शिजवायचा. साधं पाणी घातलंत तर एवढा वेळ परतलेलं मांस एकटं पडतं.

तीन कप तांदळाला पाच कप हे पाणी. मांस आणि सॉसेज पुन्हा हंड्यात, पाण्याला उकळी, आणि मग चव. पॉ-पॉंनी मला चाखायला लावलं. मी म्हटलं, खारट आहे. “तसंच हवं,” ते म्हणाले. तांदूळ मीठ ओढून घेतो. पाणी बेताचं लागलं तर भात अळणी होणार.

तांदूळ क्राउलीचा. लाफिएटच्या पश्चिमेला चाळीस किलोमीटरवरच्या या गावात १९३७ पासून तांदळाचा उत्सव भरतो. तिकडून गाडीने जाताना मला गलबलून येतं, कारण दोन्ही बाजूंना बांध घातलेली, पाणी भरलेली शेतं आहेत. त्याच शेतांत क्रॉफिश, म्हणजे शेवंडासारखे दिसणारे गोड्या पाण्यातले छोटे जीव, वाढवतात. भात उभा असताना त्यात क्रॉफिश सोडतात. पाणी काढलं की ते बिळं करून खाली जातात. कापणी झाल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास पुन्हा पाणी भरलं की पिल्लं घेऊन वर येतात. हिवाळ्यापासून पार मेपर्यंत तिथे सापळे लावलेले दिसतात. गोव्याच्या खाजणांत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत, पावसाळ्यात भात आणि मानशीच्या, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या, दाराशी मासे-सुंगटां, त्याचीच आठवण येते. जमीन एकच, पिकं दोन.

या भाताची दुसरी बाजूही सांगायला हवी. १७१९ मध्ये पश्चिम आफ्रिकेतून गुलामांना घेऊन जी पहिली जहाजं लुईझियानाला आली, त्यांतून तांदळाचं बियाणं आणि भातशेती जाणणारी माणसंही मुद्दाम आणली गेली. त्यांच्या मुलखात आजही जोलोफ नावाचा, टोमॅटो-मिरचीच्या रसात शिजवलेला भात करतात. ‘जंबलाया’ हा शब्द दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सच्या बोलीतून आल्याचं कोश सांगतात. शब्द तिथून आला असेल, पण भात रुजवणारे हात ज्यांचे होते, त्यांचं नाव पाककृतींत क्वचित दिसतं. मला ते खटकतं.

तांदूळ घालून उकळी येईपर्यंत ढवळायचं. दाणे फुगून पाण्याच्या वर दिसू लागले की कोळंबी वर पसरायची, झाकण लावायचं आणि आच अगदी मंद करायची. यानंतर पंचवीस मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही. ढवळलं तर दाणा मोडतो, पीठ सुटतं आणि सगळ्याचा गोळा होतो. पंचवीस मिनिटांनी एकदाच, मोठ्या चपट्या पळीने बुडापासून भात अलगद वर आणून उलटायचा. मग पुन्हा झाकण आणि दहा मिनिटं.

त्या पंचवीस मिनिटांत पॉ-पॉ बोलले. ते एरवी मितभाषी. केजन हा शब्द ‘अकेडियन’ झिजून झालेला. आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर हे फ्रेंच शेतकरी राहत होते. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना जहाजांत भरून हाकलून लावलं, कुटुंबं फुटली. पुढे त्यांतले काही भटकत लुईझियानाच्या या दलदलीत आले. १७८५ मध्ये फ्रान्समधून सात जहाजं भरून साधारण सोळाशे माणसं आली. पॉ-पॉंचे पूर्वज त्यांतल्याच एका जहाजातले.

घरात फ्रेंच टिकली होती, ती शाळेने तोडली. १९२१च्या राज्यघटनेने शाळेत इंग्रजी सक्तीची केली. पॉ-पॉ पहिलीत गेले तेव्हा त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. बाहेर जायचंय हे इंग्रजीत सांगता न आल्याने चड्डी ओली झाली, तो दिवस त्यांना अजून आठवतो. फ्रेंच बोलल्याबद्दल तांदळावर गुडघे टेकायला लावलं होतं. स्वतःच्या मुलांशी ते कधी फ्रेंच बोलले नाहीत, त्यांच्यावर तशी वेळ येऊ नये म्हणून. आता नातवंडं शाळेत फ्रेंच शिकतात. त्यांच्यासमोर पॉ-पॉंना बोलवत नाही. हंड्यापाशी मात्र शब्द आपोआप येतात. मी झाकणाकडे बघत चुळबुळ करत होते, तर म्हणाले, “लाश पा ला पातात.” बटाटा सोडू नकोस, म्हणजे धीर सोडू नकोस.

आई, तू करणार असशील तर डुकराच्या मांसाऐवजी कोंबडीच्या तंगड्या घे, हाडासकट. गोन्झालेसलाही कोंबडीच घालतात. चोरिस घालायचंच तर निम्मं घाल, नाहीतर आंबट होईल आणि रंगही लाल येईल. बासमती नको, त्याचा वास सगळ्यावर चढतो. साधा लांबट जुना तांदूळ घे. सेलरी नसेल तर राहू दे, कांदा वाढव. आणि घावण्यांचं भिडं नको, पसरट आहे. माळ्यावरची बिडाची कढई काढ.

झाकण उघडलं तेव्हा दाणा न् दाणा सुटा होता आणि कोळंबी वाफेवर नुकती वळलेली. ताटं वाढून झाली, सगळे जेवायला बसले. पॉ-पॉ मात्र लाकडी पळी घेऊन हंड्यापाशीच राहिले आणि बुडाला धरलेला कुरकुरीत थर काढून त्यांनी मला दिला. “ग्रातँ,” म्हणाले. ‘ग्राते’ म्हणजे खरवडणं, त्यावरून. तुमच्याकडे काय म्हणतात, असं त्यांनी विचारलं.

“खरवड,” मी म्हटलं. “तोही शब्द खरवडण्यावरूनच.” त्यांनी तो दोन-तीनदा म्हणून पाहिला. मग मी सांगितलं, की आमच्याकडे मुलांना खरवड खाऊ देत नाहीत, खाल्ली तर लग्नात पाऊस पडतो.

ते पळी हातात धरून थांबले. त्यांचं लग्न १९६४च्या ऑक्टोबरातलं. त्याच आठवड्यात हिल्डा नावाचं वादळ या किनाऱ्यावर आलं होतं आणि वरात होडीतून आणावी लागली होती.

“माझी आई मला रोज द्यायची,” ते म्हणाले, आणि उरलेली खरवड त्यांनी आपल्या ताटात काढून घेतली.