तुरटीचे पुंजके मोजताना

पावसाळ्यात तापीला नवं पाणी आलं की आमच्या शिरपूर भागात आजी हंड्यात तुरटीचा खडा फिरवायची, पाच-सात वेढे हळूहळू, आणि मग आम्हा पोरांना दम, "आते (म्हणजे आता) हात लावू नको!" मला तेव्हा वाटायचं तुरटी मातीला खाली ढकलते. खरं तर चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो म्हणून ते एकमेकांपासून लांब राहतात, तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम तो भार घालवतं, मग कण धडकले की चिकटतात, आणि नीट रचून नाही हं, जिथे लागले तिथेच. म्हणून पुंजका विरळ होतो, बोंडातून ओढून काढलेल्या कापसासारखा, आत बहुतेक पाणीच.

किती विरळ ते सांगणारा आकडा म्हणजे फ्रॅक्टल डायमेन्शन. भरीव गोळ्याचा ३. कण पहिल्याच धडकेत चिकटत असतील तर साधारण १.८, बऱ्याच धडकांनंतर चिकटत असतील तर २.१ च्या आसपास. समजा २ आहे, तर पुंजका दुप्पट रुंद झाला की जागा आठपट व्यापतो पण माती चारपटच, म्हणजे मोठा होता होता तो आकाराच्या मानाने हलका पडत जातो. म्हणून स्टोक्सच्या नियमाने, म्हणजे बारीक कण पाण्यात किती वेगाने खाली बसतो ते सांगणाऱ्या नियमाने, भरीव गोळा दुप्पट झाल्यावर चौपट वेगाने बसेल, हा मात्र दुप्पटच वेगाने. मला हे फार सुंदर वाटतं.

लॅबमध्ये लेझर टाकून कोणत्या कोनात किती प्रकाश विखुरतो त्याच्या लॉग-लॉग ग्राफच्या (दोन्ही अक्षांवर आकडे १, १०, १०० असे पटीत वाढतात तो) उतारावरून हा आकडा काढतात. माझ्याकडे घरी लेझर नाही, म्हणून काचेची उंच बरणी, मागे काळा कागद, बाजूने टॉर्च, बरणीला चिकटवलेली पट्टी आणि मोबाईलचा व्हिडिओ. पहिल्या दिवशी ड्रॉपरने पुंजके उचलून बरणीत सोडले तर ते तिथेच फुटले, मग बरणीतच तुरटी घालून हळू ढवळायला लागलो. दुसऱ्या दिवशी पुंजके चक्क वर चढायला लागले, खिडकीतून ऊन काचेवर पडत होतं, एका बाजूचं पाणी तापून वर सरकत होतं आणि पुंजके त्याच्याबरोबर! आता रात्री मोजतो, पंखा बंद, पाणी खोलीच्या तापमानाला आल्यावर, आणि बरणीच्या कडेजवळचे पुंजके सोडून देतो कारण काच त्यांना अडवते.

साठेक पुंजक्यांची रुंदी आणि वेग लॉग-लॉग ग्राफवर मांडले तर उतार १ च्या जरा वर आला. भरीव असते तर २ यायला पाहिजे होता. उतारात १ मिळवला की डायमेन्शन, म्हणजे २ च्या थोडं वर. ठिपके बरेच पसरलेत, एकाच रुंदीचे दोन पुंजके सारखे नसतातच, आणि मोबाईलला मागे-पुढेची खोली दिसत नाही म्हणून लांबुळका पुंजका समोरून गोल वाटतो.

जोरात ढवळून पण पाहिलं. पुंजके फुटून पुन्हा जुळले, बारीक पण घट्ट झाले. आजीचा हात हळू का फिरायचा ते त्या रात्री बरणीत दिसलं. पुढच्या आठवड्यात शेतातली काळी माती कालवून हेच करणार आहे.