चिपळूणच्या पुरातले फोटो: धुलाई कुठवर आली

गठ्ठे निवडून झाले, आता धुलाई चालू आहे. नव्याने वाचणाऱ्यांसाठी एवढंच, की हे २२ जुलै २०२१ च्या पुरातले फोटो. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा खालच्या मजल्यांवरचे लग्नामुंजीचे अल्बम कपाटांसकट गाळात गेले. लोकांनी जमेल तसे वाळवले (जुलैत ऊन कुठलं, म्हणा) आणि पिशवीत बांधून माळ्यावर टाकले. टाकून देववत नाहीत आणि बघवतही नाहीत.

एकमेकांना चिकटलेले फोटो सुके ओढले की एकाची बाजू दुसऱ्याच्या पाठीवर येते. म्हणून आधी थंड, स्वच्छ पाण्यात भिजवणं. काही आपसूक सुटतात, काही सुटतच नाहीत. काचेला चिकटलेला फोटो तर मी काढतच नाही, काचेसकट स्कॅन करतो. चित्राच्या बाजूला बोट लावायचं नाही, गाळ मऊ ब्रशने पाण्याखालीच हलवायचा. शेवटचं पाणी डिस्टिल्ड. इंकजेटवर काढलेले प्रिंट या सगळ्यातून बाहेर, त्यांची शाई पाण्यात जाते.

आता मुख्य गोष्ट. रंगीत फोटोच्या कागदावर रंगांचे तीन थर असतात: वर सायन (हिरवट निळा), मधे मॅजेंटा (गडद गुलाबी), तळाला पिवळा. तिन्ही जिलेटिनमध्ये (जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचा चिकट पदार्थ), आणि ओलं जिलेटिन म्हणजे जिवाणूंना आयतं जेवण. ते वरून खात येतात. आधी सायन जातो आणि चित्र लालभडक होतं. मग मॅजेंटा गेला की नुसता पिवळा, आणि तोही संपला की कोरा कागद. त्यामुळे कडेपासून आत पांढरा, पिवळा, केशरी, लाल अशा झालरी दिसतात आणि त्यांच्या मधोमध मांडवातली चार माणसं. इतका देखणा रंग मी स्वतः काढलेल्या एकाही फोटोत आला नाही, हे कबूल करायला हवं. पण त्या झालरीत जो केशरी आहे, तिथे कोणाची तरी आत्या उभी होती.

ज्यांच्या घरचा गठ्ठा आहे त्या काकूंना स्कॅन दाखवले. मी त्या लाल कडेकडे बघत होतो, त्या म्हणाल्या, "हे धुऊन जाईल ना रे?" दुसऱ्या एका फोटोत अर्धा माणूस पिवळ्यात विरघळलेला. मी तो 'ओळख पटत नाही'च्या ढिगात ठेवला होता. काकूंनी एका नजरेत सांगितलं, "हे आमच्या मामंजींचं मनगट. घड्याळ बघ, आतल्या बाजूला बांधायचे." तो ढीग आता परत उपसायला काढला आहे.

२०११ च्या त्सुनामीनंतर जपानमध्ये स्वयंसेवकांनी असे लाखो फोटो धुतले. त्यातले ज्यांचे चेहरे पार पुसले गेले होते, असे काही पुढे प्रदर्शनांत मांडले गेले. ते बघताना आपल्यासारख्या माणसाचा श्वास अडकतो, यात शंका नाही. तरी भिंतीवर टांगण्याआधी ते घरच्या माणसांपुढे ठेवले पाहिजेत, असं मला मनगटाच्या फोटोनंतर फार वाटतं.

म्हणून सध्या पद्धत अशी: धुण्याआधी एक स्कॅन, कारण सुटलेलं जिलेटिन पाण्याबरोबर गेलं की ती झालर गेलीच. मग धुलाई, मग दुसरा स्कॅन. दोन्ही घरच्यांना. संगणकावर डाग आणि रंग सुधारतो, पण हल्ली एका बटणावर अख्खा चेहरा भरून मिळतो, तो भरत नाही. जिथे कागद कोरा झाला तिथे कोराच राहू दे.

कृष्णधवल फोटोंनी मात्र चकित केलं. त्यात चांदी असते, रंगद्रव्य नाही. बरेचसे गाळ उतरल्यावर जवळजवळ जसेच्या तसे निघाले. हाताने रंगवलेल्या एका स्टुडिओ फोटोतला पातळाच्या काठाचा हिरवा तेवढा ट्रेमध्ये उतरला, काठाची नक्षी खाली राखाडीत शाबूत होती.

पुढचा गठ्ठा चिकट पानांच्या अल्बमचा. कोरड्या पानांवरून फोटो सोडवताना मागून दातांचा फ्लॉस सरकवतात, ते मला जमतं. पुरात भिजून पुन्हा वाळलेल्या पानावर कुणी करून पाहिलं असेल, तर मी हात लावायच्या आधी सांगा.