रोज आवळावा लागणारा ग्रब स्क्रू

अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या जॉबवर्क शेडमधून दुपारी फोन आला. लेथवर षटकोनी बारचा जॉब, टोकाला 30 मिलिमीटरचा गोल व्यास, टॉलरन्स (मापात चालणारी चूक) शून्य ते उणे 0.05 मिलिमीटर. सकाळचे नग बरोबर, दुपारपासून साइज पळायला लागलेली. डायलवर आकडा मात्र तोच. क्रॉस स्लाइडचा (टूल आत-बाहेर सरकवणाऱ्या भागाचा) नट झिजला, असं धरून मालकांनी नव्या गनमेटल नटाची चौकशीही केली होती. मी म्हटलं, "शेठ, नटाला हात लावण्याआधी मला हँडल बघू द्या."

कारण मशीनवरचे मामा बोलता बोलता सांगून गेले होते, "भाऊ, हँडलचा ग्रब स्क्रू मी रोज सकाळी आवळतो. जेवणानंतर परत ढिला." ग्रब स्क्रू म्हणजे हँडलला शाफ्टवर दाबून धरणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू. माणूस काळजीने रोज आवळतोय आणि तरी स्क्रू सुटतोय, म्हणजे त्या स्क्रूवर भलताच भार येतोय.

हँडलच्या बॉसवर (मधल्या जाड भागावर) आणि हँडलने फिरणाऱ्या, टूल सरकवणाऱ्या क्रॉस स्क्रूच्या टोकावर मार्करने सलग रेघ मारली आणि मामांना काही रफ कट घ्यायला लावले, दर कटला टूल मागे-पुढे करून. षटकोनाचा प्रत्येक कोपरा टूलवर आपटत होता, हँडलला हात लावला तरी हादरा कळत होता. मशीन थांबवलं. रेघ तुटली होती. बॉसवरचा अर्धा भाग क्रॉस स्क्रूवरच्या अर्ध्यापासून सरकला होता. हँडल फिरतंय, डायल फिरतोय, पण क्रॉस स्क्रू तेवढा फिरत नाही.

हँडल ओढून काढलं तर की-वे, म्हणजे हँडल आणि शाफ्ट एकत्र फिरवणारी धातूची पट्टी (की) बसायची खाच, रिकामी! आधीच्या कुठल्यातरी रिपेअरिंगमध्ये की बसवलीच नव्हती. सगळा पीळ एकटा एम6 चा ग्रब स्क्रू झेलत होता. शाफ्टवर त्याच्या टोकाचे गोल खड्डे एकमेकांना खेटून पडलेले. नव्याने आवळलं की टोक जवळच्या जुन्या खड्ड्यात घसरायचं आणि पकड कधी नीट बसायचीच नाही. त्यात आट्यांमध्ये तेल. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 साली दाखवून दिलं होतं की आडवी हालचाल होत राहिली तर आट्यांमधलं घर्षण सुटतं आणि स्क्रू आपोआप उलटा फिरतो. इथे षटकोनाचे हादरे तेच करत होते.

की स्टीलचा तुकडा घासून की-वेमध्ये बोटाने दाबून बसेल असा केला. या कामात मी घाई करत नाही, सैल की ही पुढच्या बिघाडाची सुरुवात असते. खड्ड्यांच्या उठलेल्या कडा बारीक कानशीने काढल्या. भोक आणि नवा स्क्रू अ‍ॅसिटोनने धुतले, कारण लॉकटाइट (आट्या चिकटवून धरणारं द्रव) स्वच्छ धातूवर, हवा बंद झाल्यावरच धरतं. ग्रब स्क्रू थेट कीवर टेकवला.

पोरगा लाल, हाय-स्ट्रेंथ लॉकटाइट घेऊन आला होता. ते परत पाठवलं. एवढ्या लहान स्क्रूला 3 मिलिमीटरची अ‍ॅलन की (षटकोनी पाना) लागते. हाय-स्ट्रेंथ लावलं तर उघडताना आधी स्क्रूची षटकोनी खाच गोल होते, मग बसा टॉर्चने तापवत. मी निळं, मध्यम ताकदीचं 243 थेंबभर लावलं आणि वरून दुसरा ग्रब स्क्रू पहिल्यावर घट्ट टेकवला. डायलची शून्य लावायची रिंग मात्र दिवसभर फिरवावी लागते, तिथे लॉकटाइट चालत नाही. तिच्या स्क्रूखाली ब्रेझिंग रॉडचा छोटा पितळी तुकडा सरकवला. पितळ दबून पकड देतं आणि खाली खड्डा पडत नाही.

पूर्ण पकडीला 24 तास लागतात, म्हणून मशीन दुसऱ्या दिवशी दुपारनंतरच लावलं. संध्याकाळपर्यंत मामा मायक्रोमीटर घेऊन नग मोजत होते, सगळे टॉलरन्समध्ये. नटाची ऑर्डर रद्द झाली आणि मालकांनी शेडमधल्या दुसऱ्या लेथचं हँडलही उघडायला लावलं. तिथे की होती, पण झिजलेली. तीही बदलली.