कनेक्टिंग गेलंय, असं मी पण सांगून टाकलं

तीन आठवडे झाले त्या गाडीला, गिऱ्हाईक खूश आहे, गाडी चालतेय, तरी मला ती सोडत नाहीये म्हणून लिहून काढतो.

जुनी बाइक, एअरकूल्ड, सिंगल सिलेंडर, किकवाली. काका ढकलत घेऊन आले. चालू करायची पण हिंमत नव्हती त्यांची, कारण आधीच्या मेकॅनिकनं सांगितलेलं की कनेक्टिंग (पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याशी, जोडणारा रॉड) गेलंय, चालवलीत तर रॉड चेंबर फोडून बाहेर येईल. मी किक मारली. स्लोला, म्हणजे रेस न देता, ठक... ठकठक... ठक. जड आवाज, लोखंडावर लोखंड. रेस वाढवून धरली की गायब, सोडली की परत हजर. मी मान हलवली आणि बोलून मोकळा झालो, "हो काका, कनेक्टिंगच आहे."

लोकांना वाटतं मेकॅनिकला आवाज ऐकला की कळतं. घंटा कळतं. ॲल्युमिनियमच्या खोक्यात एका टोकाला वाजलेलं दुसऱ्या टोकाला ऐकू येतं, त्यामुळं कुठं वाजतंय यापेक्षा कधी आणि किती वेळा वाजतंय ते आधी बघायचं. व्हॉल्व्ह उघडणारा कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. म्हणजे स्लो १२०० आरपीएमला असेल तर क्रँक सेकंदाला २० फेरे मारते आणि एक टॅपेट (कॅमच्या जोरावर व्हॉल्व्ह दाबणारा भाग) फक्त १० वेळा वाजतो. वीसपर्यंत सेकंदात कोणी मोजत नाही, पण संथ टिकटिक आणि तिच्या दुप्पट ठकठक हा फरक कानाला बसतो काही वर्षांनी. मग थंड-गरम बघायचं. थंडीत खडखडतं आणि तापल्यावर कमी होतं तर पिस्टन, कारण तापला की तो फुगून बोअरमध्ये बसतो. तापल्यावर ऑइल पातळ होऊन आवाज वाढला तर खाली क्रँककडं संशय. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर क्लचची बेल. रेस सोडताना साखळी खळखळल्यासारखं झालं तर टायमिंग चेन.

आणि बेंड पाइपचं (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीचं) पॅकिंग फुटलेलं असलं की हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिक येते, ही एक गोष्ट कुणी बघतच नाही. सरळ टॅपेट आवळतात. आवाज थोडा दबतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, आणि तिकडं व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही म्हणून जळायला लागतो. वाजणारा टॅपेट परवडला पण आवळलेला नको हे मी सांगून दमलो, लोकांना मात्र आवाज नसलेलं इंजिनच पाहिजे.

असो. या गाडीत टॅपेट फीलर गेजनं बघितले, बरोबर होते. क्लच दाबून बघितला, काही फरक नाही. तापल्यावर आवाज वाढला असं मला वाटलं, पण आता विचाराल तर शपथेवर नाही सांगणार. मग लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनला आणि मूठ कानासमोरच्या हाडाला. हेडवर काही नाही, ब्लॉकवर थोडं, आणि डाव्या बाजूला खाली एकदम डोक्यात ठक. डावीकडं काय असतं? मॅग्नेट, म्हणजे क्रँकच्या टोकाला बसवलेला चुंबकाचा जड ड्रम. पण मॅग्नेटच्या मागं क्रँकचं बेअरिंग पण असतं ना, म्हणून मी म्हटलं क्रँकच. माझ्या हाताखालचं पोरगं शेजारी उभं होतं, म्हणालं, "दादा, कव्हरच्या आत वाजतंय असं वाटतंय." मी म्हटलं, "तू पाना दे."

खरं तर कनेक्टिंगचा आवाज असा वागत नाही. तो लोड आला की वाढतो, रेस धरली म्हणून नाहीसा होत नाही. आणि तो सुटा सुटा, मधेच दोनदा मधेच एकदा असा नसतो. हे मला माहीत होतं, पोराला शिकवलेलं पण मीच. तरी त्या दिवशी प्रत्येक गोष्टीला माझ्याकडं काहीतरी उत्तर तयार होतं.

हेड काढलं, ब्लॉक काढला. पिस्टन ठीक, बोअरला किरकोळ ओरखडे, पिस्टनला रॉडशी जोडणारी गजन पिन टाइट. रॉड हातात धरून वर-खाली ओढला तर काही नाही, शून्य. डावी-उजवीकडं हलत होता पण तेवढा हलतोच, त्यावरून क्रँक बाद करणारे खूप आहेत, ते सोडा. मी परत ओढून बघितला. परत नाही. मग क्रँक थोडी थोडी फिरवून बघावी म्हणून पोराला मॅग्नेटचं कव्हर काढायला लावलं. चार स्क्रू. मी रॉड गच्च धरून ठेवला आणि त्याला सांगितलं मॅग्नेट हातानं मागंपुढं कर.

टक.

"दादा, हे फिरतंय. तुमचा रॉड हलला?"

नव्हता हलला.

मधला नट टाइट, मॅग्नेट ज्यावर बसतो तो क्रँकचा निमुळता टेपर टाइट, त्याला जागेवर धरणारी खाचेतली चावी शाबूत. पण मॅग्नेटचा ड्रम ज्या रिव्हेटांनी मधल्या बॉसला (क्रँकवर बसणाऱ्या तुकड्याला) धरलेला असतो ते रिव्हेट ढिले. प्ले केवढा, तर डोळ्याला दिसत नव्हता, फक्त हाताला लागत होता. तेवढा पुरतो. सिंगल सिलेंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदाच पेट्रोल पेटतं, म्हणजे स्लोला क्रँक कॉम्प्रेशनला अडखळते आणि पॉवरला झटका खाते. जड ड्रमला एवढी घाई नसते, तो आपल्या चालीनं फिरत राहतो, आणि ढिल्या रिव्हेटांत एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला आपटतो. रेस वाढली की फिरणं एकसारखं होतं, ड्रम एका बाजूला टेकून बसतो, आवाज बंद. सगळं इतकं सरळ होतं की लाज वाटली. चार स्क्रूचं काम होतं आणि मी दुपार घालवून ब्लॉक काढला होता.

वेल्डिंग मारून दे असं काका म्हणाले, मी नाही म्हटलं. उष्णतेनं मॅग्नेट कमजोर पडतो आणि ड्रम जरा जरी तिरका बसला तर क्रँकच्या बेअरिंगची वाट. चांगला जुना मॅग्नेट शोधून, टेपर साफ करून बसवला. हेड-ब्लॉक खोलल्याची मजुरी लावली नाही. काकांना कारण सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे तो पहिला खोटं बोलला!" मी पण आदल्या दिवशी तेच बोललो होतो याची त्यांनी आठवण काढली नाही.

पण तो पहिला खरंच खोटं बोलला का, हेच कळत नाहीये. कव्हरच्या स्क्रूच्या खाचा नुकत्याच घसरलेल्या होत्या. आणि रिव्हेटांच्या डोक्यांवर पंच मारलेल्या खुणा होत्या, अजून चमकणाऱ्या. म्हणजे कुणीतरी नुकतंच हे बघितलं होतं, ठोकून घट्ट केलं होतं. माहीत असून क्रँकचं बिल करायला निघाला असेल तर विषय संपला. पण असंही असेल की त्यानं ठोकलं, आवाज चार दिवस गेला, परत आला, आणि तो मनाशी म्हणाला की मॅग्नेट तर मी केलाय, मग आता क्रँकच. मी असतो तर दुसऱ्यांदा कव्हर खोललं असतं का, माहीत नाही.

काढलेला ढिला मॅग्नेट बाकाखाली पडलाय. पोरगं काम नसलं की तो मांडीवर घेतं, बॉस धरून पिळतं, टक वाजवतं आणि माझ्याकडं बघतं.