बर्माची तलवार आणि मुठीखालची सहा अक्षरं

आमच्या साताऱ्याच्या घरी एक जपानी तलवार आहे. सगळे तिला बर्माची तलवार म्हणतात. आजोबा मराठा पलटणीत जमादार होते, लढाई संपल्यावर घेऊन आले, एवढीच माहिती. खंडेनवमीला ती माळ्यावरून खाली येणार, पात्यावर हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि दसरा झाला की परत जुन्या धोतरात गुंडाळून वर. ती कुणी बनवली, कधी बनवली हे सत्तर-पंच्याहत्तर वर्षांत कुणी विचारलं नाही, मी पण नाही. मग कंपनीने मला दोन वर्षांसाठी टोकियोला पाठवलं आणि काका फोनवर म्हणाले, "आता जपानात हायसच तर त्या तलवारीचं बघ की काय ते."

त्याआधी एकदा माझ्या चुलतभावाने फोटो काढून पुण्यात एका अँटिकवाल्याला दाखवले होते. त्याने फोटो बघूनच सांगितलं की चारशे वर्षं जुनी सामुराई तलवार आहे, मी घेतो, रेट नंतर बोलू. तेव्हापासून आमच्या घरी चारशे वर्षं हा आकडा फिक्स झाला. पाहुण्यांना पण तोच सांगायचा.

पहिला प्रश्न, तलवारच टोकियोला न्यावी का. नाही नेता येत, म्हणजे निदान माझ्यासारख्याने त्या भानगडीत पडू नये. जपानात प्रत्येक तलवारीला रजिस्ट्रेशनचा कागद लागतो, तोरोकुशो म्हणतात, तो प्रांताच्या शिक्षण मंडळाकडून मिळतो (हो, शिक्षण मंडळच, मी पण दोनदा वाचलं), आणि युद्धाच्या काळातली कारखाना छाप तलवार निघाली तर तो कागद मिळतच नाही, तलवार जप्त होऊन मोडीत जाते. म्हणून ठरवलं की तलवार घरीच राहील, तिची माहिती तेवढी माझ्याबरोबर येईल.

गणपतीला सुट्टी टाकून आलो आणि काकांसोबत पडवीत बसलो. आधी बाहेरून बघितलं. मुठीवर पांढरी खरखरीत कातडी, ओला साबुदाणा पसरावा तशी, ती स्टिंगरे माशाची असते. त्यावर तपकिरी नाडीचे वेढे, परजेवर चेरीची फुलं. लोखंडी म्यान, वरचा हिरवट रंग बराचसा उडालेला. ही 1934 नंतरची जपानी अधिकाऱ्यांची लष्करी तलवार, इथपर्यंत शंका नव्हती. शिपाई-हवालदार लेव्हलची असती तर मूठ सरळ धातूची ओतीव आणि पात्यावर नंबर कोरलेला असतो, इथे नंबर नव्हता. मुठीला लटकलेला गोंडा अर्धा कसरीने खाल्लेला, पण आतून निळा आणि तपकिरी दिसत होता, म्हणजे लेफ्टनंट किंवा कॅप्टन दर्जाचा माणूस.

पण यातून फक्त पोशाख कळतो. बरेच जपानी अधिकारी घरातलं पिढीजात जुनं पातं लष्करी मुठीत बसवून युद्धावर न्यायचे. त्यामुळे वरून कितीही नवीन दिसली तरी आत काय आहे ते मूठ काढल्याशिवाय सांगता येत नाही. पुण्यातल्या त्या माणसाने मूठ काढायचं नावच काढलं नव्हतं!

मुठीत बांबूची एक छोटी खुंटी असते, मेकुगी, ती ठोकून काढायची. मग तलवार उभी धरायची, धार आपल्यापासून लांब, आणि डाव्या हाताने मूठ धरून त्याच हाताच्या मनगटावर उजव्या मुठीने ठोके द्यायचे, पातं हळूहळू वर सुटतं. व्हिडिओत तीन ठोक्यात सुटतं. आमची सुटायला दोन दिवस लागले. काका पहिल्याच तासाला हातोडी घेऊन आले, म्हणाले "आरं हातानं निघत न्हाय ती, सर बाजूला." त्यांना थांबवता थांबवता मला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी दुपारी एकदम टक् आवाज झाला आणि पातं बोटभर वर आलं.

मुठीत जाणाऱ्या त्या भागाला नाकागो म्हणतात आणि सगळी कुंडली तिथे असते. त्याचा गंज कधीही काढायचा नाही, कारण गंजाच्या रंगावरून वय कळतं, शेकडो वर्षांचा असेल तर गडद चॉकलेटी काळा आणि गुळगुळीत, नवा असेल तर लालसर. हे मला माहीत होतं, काकांना सांगायचं राहिलं. मी चहा प्यायला आत गेलो आणि परत आलो तर काका एका बाजूला पॉलिश पेपर मारत बसलेले, "अक्षरं दिसंनात म्हणून." नशीब, जेमतेम दोन इंच झालं होतं. मी काही बोललो नाही, पेपर फक्त हातातून काढून घेतला.

अक्षरं मात्र खरंच होती. उभ्या ओळीत सहा. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना, तसंच बटर पेपर लावून मऊ पेन्सिलने छाप घेतला. जपानात पण हेच करतात, फक्त त्यांचा कागद आणि शाईची कांडी वेगळी, आणि त्याला ओशिगाता म्हणतात. छापात तिरक्या रेघा पण उमटल्या, मधल्या कण्याच्या दोन्ही बाजूंना पिसासारख्या. टोकापासून मागच्या खाचेपर्यंत सरळ लांबी 66.5 सेंटीमीटर भरली. खुंटीचं भोक एकच, म्हणजे पातं नंतर कापून आखूड केलेलं नाही. परजेजवळच्या पितळी चकत्यांवर बारीक नंबर ठोकलेला, सगळ्यांवर सारखाच, म्हणजे बनवली तेव्हापासून तिचे पार्ट बदललेले नाहीत.

टोकियोला परत आल्यावर रोज ऑफिसनंतर अक्षरं लावत बसलो. तिसरं अक्षर दरवाज्याच्या दोन फळ्यांसारखं, ते सेकी. शेवटच्या अक्षराला खाली होडीसारखी लांब रेघ, ते मिची. पूर्ण वाचलं तर "नोशू सेकी जू कानेमिची", म्हणजे मिनो प्रांतातल्या सेकीचा रहिवासी कानेमिची. सेकी आजच्या गिफू प्रांतात आहे आणि तिथल्या लोहारांच्या नावात "काने" बहुतेक वेळा असतं, कानेमोतो, कानेसादा वगैरे. त्या पिसासारख्या रेघा म्हणजे कानशीच्या खुणा, ससाण्याचं पीस म्हणतात त्यांना, ती पण सेकीची पद्धत. आणि कहर म्हणजे सोळाव्या शतकात सेकीत कानेमिची नावाचा खरंच एक नामी लोहार होता, तो मुलांना घेऊन क्योतोला गेला आणि त्या मुलांनी तिथे मोठं घराणं उभं केलं. चारशे वर्षं! मला वाटलं पुण्याचा माणूस बरोबर होता की काय, आणि रात्री दोन वाजता काकांना मेसेज टाकायला निघालो होतो, टाकला नाही ते बरं झालं.

कारण जपानी तलवारीवर सही आहे म्हणजे ती त्या माणसाची आहे असं अजिबात नसतं. एकच नाव पिढ्यानपिढ्या चालतं, आणि खोट्या सह्या तर इतक्या की त्यांना गिमेई असा वेगळा शब्दच आहे. जाणकार लोक आधी पातं बघून ठरवतात आणि सही शेवटी वाचतात, तिकडे तर सही झाकून कर्ता ओळखायच्या स्पर्धा चालतात. मी नेमकं उलटं केलं होतं.

ऑफिसमधल्या एकाच्या ओळखीतून टोकियोबाहेर तलवारींना पॉलिश करणाऱ्या एका आजोबांकडे गेलो. मिठाईचा डबा दिला, छाप उलगडला. त्यांनी अक्षरांकडे बघितलंच नाही. अक्षरांच्या वर एक छोटा गोल डाग होता, मला तो गंजाचा खड्डा वाटलेला, त्यावर बोट ठेवून म्हणाले, "सेकी." भिंग दिलं. गोलाच्या आत तेच दाराच्या फळ्यांचं अक्षर, तांदळाच्या दाण्याएवढं. युद्धाच्या काळात सेकीत ढिगाने तलवारी बनत होत्या, त्या तपासून पास झाल्या की हा शिक्का बसायचा. चांदणीचा शिक्का असता तर गोष्ट वेगळी, तो पारंपरिक पद्धतीने, तामाहागाने नावाच्या पोलादापासून घडवलेल्या पात्यावर असतो. मग माझ्या मोबाईलवर पात्याचे फोटो झूम करून दाखवले, घडीव पोलादात लाकडासारखे थर दिसतात ते इथे नाहीत, धारेजवळची रेघ पण जरा काळपट आहे, म्हणजे पाणी पाजलेलं नाही, तेलात विझवलेलं. कारखान्याचं पोलाद. सही युद्धकाळातल्या कानेमिचीची, वय ऐंशीच्या आसपास. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील.

वाईट वाटलं का, तर हो, थोडं. पण पुढच्याच महिन्यात नागोयाला काम निघालं तेव्हा मिनो-ओता करून नागारागावा रेल्वेच्या एका डब्याच्या गाडीने सेकीला जाऊन आलो. तिथल्या म्युझियममध्ये कानेमोतोची तीन देवदारांच्या शेंड्यांसारखी धारेची नक्षी बघितली आणि आमच्या तलवारीत काय नाही ते तेव्हा कळलं. बाहेर सगळी सुऱ्या-कात्र्यांची दुकानं, गाव अजून तेच काम करतं. काकूसाठी एक विळीसारखी धार असलेली सुरी घेतली.

रात्री काकांना व्हिडिओ कॉल करून सगळं सांगितलं. बर्माचं पण सांगितलं, की आजोबांची पलटण 1944 ला इंफाळला लढली पण शरणागतीनंतर 1945 च्या सप्टेंबरात मलायात उतरली, म्हणजे तलवार बहुतेक तिकडची. आणि हो, पात्यावर कुंकू लावू नका, म्यानावर लावा. काका सगळं ऐकत होते. मग म्हणाले, "बनवली कुणी ते कळलं. पण होती कुणाची?"

ते कसं कळणार, मी म्हटलं. शरण येताना काही अधिकारी तलवारीला नावाची चिठ्ठी नाहीतर लाकडी पट्टी बांधायचे, ती असती तर कळलं असतं.

काका जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "पट्टी हुती की. तारेनं बांधलेली. काळी अक्षरं हुती तिच्यावर. मी शाळेत असताना आईनं बंबात घातली."