बी.फार्मसीचा प्रवेश: गुणांच्या आधी कागद

बी.फार्मसीची पात्रता दोन वाक्यांत सांगून होते. बारावी विज्ञान, त्यात फिजिक्स आणि केमिस्ट्री हवंच, जोडीला बायोलॉजी किंवा मॅथ्स. या तीन विषयांत मिळून ४५ टक्के, आणि महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय व दिव्यांग विद्यार्थ्यांना ४० टक्के. शिवाय एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेत शून्यापेक्षा जास्त गुण. मी ओबीसी, म्हणजे मला तीन विषयांच्या ३०० पैकी १२० गुण पुरत होते. कोकण बोर्डाचा निकाल वर्षानुवर्षं राज्यात वर असतो, त्यामुळे आमच्याकडच्या विज्ञानाच्या मुलांना ही अट सहसा अडवत नाही. अडवतात ते कागद. देवगड तालुक्यातल्या आमच्या गावातून हा प्रवेश पार पाडताना मला सगळ्यात जास्त कळलं ते हेच, म्हणून तेच जास्त लिहिते.

आधी फार्मसीच का, ते सांगते. आमच्या गावात मेडिकल नाही. आजीच्या बीपीच्या गोळ्या संपल्या की कुणीतरी देवगडला जाईपर्यंत थांबायचं. दहावीपासूनच माझ्या मनात होतं की हे शिकायचं. बाबांचं म्हणणं होतं डी.फार्मसी कर, दोन वर्षांत सुटशील. तिथे सीईटी नाही, बारावीच्या गुणांवर प्रवेश होतो आणि स्वतःचं मेडिकल टाकायला ती पुरते. हे खरंच आहे. पण मला औषध दुकानात येण्याआधी कसं घडतं तेही शिकायचं होतं. पुढे औषध निरीक्षकाची परीक्षा द्यायची तर पदवीच लागते, एम.फार्म.साठीही पदवी लागते. डी.फार्मसी झालेल्यांना बी.फार्मसीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, हेही आम्ही घरात बसून बोललो. शेवटी चार वर्षांचीच वाट धरली.

आता व्हॅलिडिटी, म्हणजे आपला जातीचा दाखला खरा असल्याचं समितीनं दिलेलं प्रमाणपत्र. जातीचा दाखला वेगळा आणि जात पडताळणीचं प्रमाणपत्र वेगळं, हे आमच्या घरात कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं, कारण आमच्या घराण्यात ते कुणीच काढलेलं नव्हतं. अकरावीत असताना आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडमनी वर्गात बजावून सांगितलं: राखीव जागेवर व्यावसायिक शिक्षणाला जायचं असेल तर आत्ताच अर्ज करा, बारावीच्या निकालाची वाट बघू नका. त्या एका वाक्याचे माझ्यावर फार उपकार आहेत.

अर्ज ऑनलाइन भरायचा, कॉलेजच्या प्राचार्यांची सही-शिक्का घ्यायचा, वंशावळीचं शपथपत्र करायचं आणि मग ओरोसला, सिंधुदुर्गनगरीच्या समितीकडे कागद द्यायचे. पण खरी मेहनत पुराव्याची. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. बाबांचा जन्मच त्यानंतरचा, त्यामुळे त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला एकटा पुरेना. आजोबा चौथीपर्यंत गावातल्याच मराठी शाळेत शिकले आणि मग मुंबईला गिरणीत गेले. त्यांचा दाखला घरात कुठेच सापडला नाही. आजी म्हणाली, "शाळेत जाऊन बघा गे, रजिस्टर आसतलाच."

रजिस्टर होतं. मुख्याध्यापक गुरुजींनी कपाटातून काढलं तेव्हा पानांच्या कडा सुटत होत्या, पण शाई साफ वाचता येत होती. आजोबांची नोंद सापडली, जातीच्या रकान्यात "हिंदू भंडारी" असं स्पष्ट लिहिलेलं. फक्त नाव घरातलं होतं, कागदोपत्री असलेलं नव्हे. मग ही दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं शपथपत्र करावं लागलं, आणि वडिलांचं व गावाचं नाव जुळतंय हे दाखवायला ग्रामपंचायतीतल्या जुन्या जन्मनोंदीचा उतारा जोडला. गुरुजींनी जनरल रजिस्टरच्या उताऱ्यावर सही करताना दोनदा अक्षरं ताडून बघितली. अशी माणसं आहेत म्हणून ही कामं होतात. जुन्या शाळांची ही रजिस्टरं नीट स्कॅन करून ठेवली पाहिजेत असं मला अगदी मनापासून वाटतं. आमच्याकडचा पाऊस आणि वाळवी कुणासाठी थांबत नाही.

वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नात्यात कुणाकडे व्हॅलिडिटी असेल तर हे सगळं पुष्कळ सोपं होतं. चुलत काका, चुलत भाऊ, आत्या, सगळीकडे आधी विचारा. आमच्यात माझीच पहिली.

प्रमाणपत्र बारावी संपण्याआधी हातात आलं. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं निकालानंतर अर्ज केला आणि तिला नुसत्या पावतीवर प्रवेशप्रक्रियेत उतरावं लागलं. पावतीवर चालतं, पण सरकार जी मुदत देईल तेवढंच; त्यात प्रमाणपत्र आलं नाही तर राखीव जागेचा हक्क जातो. तिचे ते महिने मी जवळून पाहिलेत. रात्री उठून ती समितीच्या साइटवर अर्जाची स्थिती बघायची.

नॉन-क्रिमिलेअरचं, म्हणजे कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेत असल्याच्या दाखल्याचं, गणित वेगळं. तो दाखला सेतूतून अर्ज करून प्रांत कार्यालयाकडून येतो आणि त्यावरची वैधतेची तारीख बघून घ्यावी लागते: ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश, त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत तो चालला पाहिजे. तीन वर्षांचं उत्पन्न दाखवावं लागतं. आंब्याची कलमं आहेत म्हणून आपण क्रिमिलेअरमध्ये जाऊ अशी भीती आमच्याकडे अनेकांना असते. शेतीचं आणि पगाराचं उत्पन्न त्या हिशेबात धरत नाहीत. डोमिसाइल, दहावी-बारावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार ही बाकीची मंडळी; ती मिळायला त्रास नाही, फक्त सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच हवं.

सीईटीबद्दल थोडंच लिहिते. पीसीबी ग्रुपला २०० प्रश्न, २०० गुण. पहिल्या ९० मिनिटांत फिजिक्स-केमिस्ट्री, पुढच्या ९० मिनिटांत बायोलॉजी. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नये. अकरावीचा साधारण २० टक्के अभ्यासक्रम असतो आणि तोच बहुतेकजण विसरलेले असतात. परीक्षा वेगवेगळ्या सत्रांत होते, म्हणून निकाल गुणांत नाही, पर्सेंटाइलमध्ये येतो.

मग कॅप, म्हणजे सरकारची केंद्रीय प्रवेशप्रक्रिया. फार्मसीचं कॅप इंजिनिअरिंगच्या मागून चालतं आणि या थांबण्याची तयारी मनात ठेवावी. आमच्याकडे गणपती आले, विसर्जन झालं, मुंबईकर परत गेले, तरी पहिला राउंड लागला नव्हता. रजिस्ट्रेशन करून मूळ कागदांचे स्कॅन चढवायचे आणि ई-स्क्रूटिनी निवडली तर घरबसल्या तपासणी होते. कागद धूसर असेल तर अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो, त्यामुळे रोज लॉगिन करून बघत राहायचं. आमच्याकडे रेंज येते ती घराच्या मागच्या सड्यावर; मी फोन घेऊन तिथेच जायचे. तात्पुरती गुणवत्ता यादी आली की आपला प्रवर्ग, गुण, सगळं तपासायचं, कारण हरकत नोंदवायची संधी तेव्हाच असते.

ऑप्शन फॉर्मला, म्हणजे कॉलेजांच्या पसंतिक्रमाला, मात्र वेळ द्या. माझ्या यादीत कराडचं शासकीय कॉलेज होतं, सावर्ड्याचं गोविंदराव निकम, देवरुखजवळच्या साडवलीचं इंदिरा इन्स्टिट्यूट, सावंतवाडीचं यशवंतराव भोसले. प्रत्येक कॉलेजला फार्मसी कौन्सिलची मान्यता आहे ना, विद्यापीठ कुठलं, वसतिगृह आहे का, रेल्वेनं घरी येता येतं का, हे आम्ही वहीत लिहून काढलं. क्रम लावताना एकच लक्षात ठेवलं: पहिल्या क्रमांकावर जे लिहू तेच मिळालं तर ती जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की, होते आणि पुढच्या राउंडला उभं राहता येत नाही. म्हणून पहिला पर्याय असा हवा की मिळाल्यावर मन मागे वळणार नाही. मला पहिल्या राउंडला खालचा पर्याय मिळाला. १००० रुपये सीट अ‍ॅक्सेप्टन्स फी भरून बेटरमेंट घेतलं, म्हणजे ती जागा हातात ठेवून वरच्या पर्यायासाठी पुढच्या राउंडला थांबले. वरची जागा मिळाली की आधीची आपोआप सुटते, हे बाबांना समजावताना मला बराच वेळ लागला. हातातली जागा सोडायची त्यांची तयारी होत नव्हती. पुढच्या राउंडला रत्नागिरी जिल्ह्यातलं, मला हवं होतं ते कॉलेज मिळालं.

मुलींच्या आईवडिलांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. संस्थास्तरावरच्या कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला हे लागू नाही. विकास शुल्क, वसतिगृह, मेस यांचा खर्च आपलाच. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर अर्ज करायचा आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं. "मुलीला एवढं शिकवून फी कुठून आणायची" असं म्हणत आमच्या शेजारच्या वाडीत एका हुशार मुलीला घरी बसवलं. तिच्या घरी हे आधी कळलं असतं तर, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

आता मी पहिल्या सेमिस्टरला आहे. बारावीला मॅथ्स न घेतलेल्या आम्हाला इथे रेमेडियल मॅथेमॅटिक्स असतं आणि पीसीएमवाल्यांना रेमेडियल बायोलॉजी, त्यामुळे दोन्ही ग्रुपची मुलं एकाच वर्गात चालतात. संध्याकाळी आमच्या खोलीत मी लॉगरिदम शिकते आणि माझ्या मैत्रिणीला पेशीचे भाग समजावते.